आईबाबांना चार दिवसांत मुंबई दाखवायची आहे, बेत बरोबर आहे का?

सीमा_परभणी

नमस्कार मंडळी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन मुंबईला यायचं ठरवलंय. सोबत माझा चौदा वर्षांचा मुलगा. बाबा ७१ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं इतिहास शिकवला. गेटवे, घारापुरी, व्हीटी स्टेशन हे सगळं त्यांनी खडूनं फळ्यावर काढून पोरांना समजावलं, पण स्वतः एकदाही पाहिलेलं नाही. दरवेळी काहीतरी आडवं आलं. कधी माझं बाळंतपण, कधी बोअर आटली, कधी आजीचं दुखणं. यंदा न्यायचंच.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीला चालते, पायऱ्या थांबत थांबत चढते. दोघंही माळकरी आहेत. बाबांना जेवणात भाकरी लागते. मुलाला देवळं-म्युझियम नको, काहीतरी धाडसाचं हवं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलंय.

आमचा बेत असा: देवगिरी एक्सप्रेसनं शुक्रवारी सकाळी पोचायचं. डोंबिवलीला नणंदेकडं उतरायचं. रोज सकाळी आठ-साडेआठला निघून मुंबईचा एकेक भाग बघायचा, संध्याकाळी सहाच्या लोकलनं परत डोंबिवली. रविवारी गर्दी असते म्हणून घारापुरी सोमवारी ठेवलंय आणि त्याच रात्री परतीची गाडी. यादीत गेटवे, राणीचा बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, जुहू, सी लिंक, मरीन ड्राइव्ह, मणिभवन, फिल्मसिटी एवढं आहे.

हे जमेल का? काय वगळावं? खायला कुठं न्यावं?

---

ठाकूरद्वारची_माई

सीमा, आधी खाण्याचं सांगते, बाकीचं सांगणारे पुष्कळ येतील.

सीएसएमटीला उतरलात की समोर रस्ता ओलांडून ‘आराम’ आहे. वडापाव तिथं खा. बाबांना उभ्यानं खायचं जमत नसेल तर आत बसायला जागा आहे. गिरगावात ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष म्हणजे श्रीखंड आणि ताक यांच्या मधलं काहीतरी, वर जायफळ-केशर. आईला नक्की आवडेल. फणसवाडीजवळ ‘विनय’ची मिसळ. तुमच्या भागाच्या तर्रीची सवय असेल तर ही सौम्य वाटेल, तिखट मागून घ्या.

मुलाला मरीन लाइन्सजवळच्या ‘कयानी’त न्या. १९०४ सालचं इराण्याचं हॉटेल. लाकडी खुर्च्या, बरण्यांतली बिस्किटं, ब्रून मस्का आणि चहा. आता असे इराणी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच राहिलेत, त्यामुळे ‘नंतर कधीतरी’ म्हणू नका. आईबाबांसाठी नुसता बनमस्का घ्या, केकमध्ये अंडं असतं.

भाकरीचं म्हणाल तर दादरला ‘आस्वाद’ किंवा ‘प्रकाश’मध्ये मराठी जेवण-फराळ मिळतो, पण मराठवाड्यातली पातळ, पापुद्रा सुटणारी ज्वारीची भाकरी इथं मिळेल अशी आशा धरू नका. दशम्या बांधून आणा. थंडीत दोन दिवस छान राहतात.

माटुंग्याचा एक फेराही ठेवा. स्टेशनसमोरच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ‘रामा नायक’ आहे. केळीच्या पानावर वाढतात आणि शुद्ध शाकाहारी. तिथं बाबा पोटभर जेवतील.

---

डबल_बेल

सीमाताई, मी बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. परळला राहतो. गावाकडून आलेली कुटुंबं मी रोज बघितली आहेत. हातात यादी, खांद्यावर पोर आणि संध्याकाळी सहाला दादरच्या स्टॉपवर रडकुंडीला आलेली आई. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बेतात ठिकाणं चुकलेली नाहीत, दिशा चुकली आहे.

मुंबई लांबट आहे. कामाची ठिकाणं बरीचशी खाली दक्षिणेला, राहणारी माणसं वर उत्तरेला. सकाळी आठ ते अकरा सगळं शहर खाली उतरतं आणि संध्याकाळी पाच ते नऊ सगळं वर चढतं. तुम्ही डोंबिवलीहून साडेआठला निघणार आणि सहाला परत जाणार, म्हणजे दोन्ही वेळा त्या लोंढ्याच्या बरोबर मधोमध. डोंबिवलीची सकाळची गाडी ही रोज जाणाऱ्या धडधाकट माणसाचीही परीक्षा असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यात चढवू नका. कळकळीनं सांगतो.

उलट करा. तीन रात्री फोर्ट, गिरगाव नाहीतर सीएसएमटीच्या आसपास साधं लॉज घ्या. मग सकाळी तुम्ही वर जाणार तेव्हा गाड्या रिकाम्या आणि दुपारी खाली येणार तेव्हाही रिकाम्या. चर्चगेटला सकाळी उभं राहून बघा. भरलेली गाडी येते, दोन-तीन मिनिटांत अख्खी रिकामी होते आणि तीच उलटी बोरिवलीला निघते. खिडकी पकडून बसा. पैसे थोडे जास्त जातील, पण नणंदेकडं राहून जे दोन-दोन तास उभ्यानं जाणार होते ते वाचतील. लॉज परवडणार नसेल तर डोंबिवलीहून साडेदहानंतर निघा आणि परतताना दुपारी चारच्या आत नाहीतर रात्री नऊनंतर. मधली वेळ नाही.

दुसरी गोष्ट. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद. बाबा ३४ वर्षं ज्यासाठी थांबले ते कुलूप बघून परत येतील. रजा एक दिवस अलीकडं सरकवता आली तर सरकवा. गुरुवारी सकाळी या, रविवारी रात्री जा. मग असं करता येईल:

गुरुवार. गाडीतून उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेकडं धावू नका. सामान लॉजवर ठेवा, आंघोळी करा, आईला झोपू द्या. अकराच्या सुमारास बाबांना घेऊन सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवर या आणि अर्धा तास नुसतं वर बघा. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. घुमटावर हात उंचावलेली बाई आहे, ती ‘प्रगती’. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह, म्हणजे इंग्लंड, आणि दुसरीकडं वाघ, म्हणजे आपण. भिंतींवर माकडं, मोर, खारी, पानं कोरलेली आहेत. माझ्या ड्युटीत या इमारतीसमोरून मी हजारो वेळा गेलो आणि निवृत्तीनंतर एकदा सावकाश बघायला गेलो तेव्हा नवीन प्राणी सापडले. शेजारीच जीपीओ आहे, १९१३ चं. त्याचा घुमट बघून बाबांना विजापूरचा गोलघुमट आठवेल, कारण तो त्याच्यावरूनच घेतलाय. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. पाचलाच जा, सूर्य बुडेपर्यंत कठड्यावर बसा. आईला तिथं काही चढावं लागत नाही.

शुक्रवार. कान्हेरी. हे तुमच्या यादीत नाही, पण बाबांसाठी मी ते घारापुरीच्या आधी ठेवीन. सकाळी आठला चर्चगेटहून बोरिवली, उतरून उद्यानाच्या फाटकापर्यंत रिक्षा. आत लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत, उद्यानाची बस जाते, चालत जाऊ नका. शंभराहून जास्त लेणी, जवळजवळ हजार वर्षं माणसं तिथं राहत होती आणि खोदत होती. भिंतींवर ब्राह्मीत दानलेख आहेत. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी कुणी टाकं दिलं, कुणी ओटा दिला. त्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, अजून भरलेल्या दिसतात. तीन नंबरच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, व्हरांड्यात दोन टोकांना दोन उभे बुद्ध आहेत, मान मागं टाकून बघावे लागतात. ते पायथ्याजवळच आहे, आई तिथपर्यंत आरामात येईल आणि खांबाला टेकून गारव्यात बसेल.

तुमच्या मुलाचं धाडस इथं आहे. वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, रेलिंग नाही, माथ्यावर वारा असतो आणि खाली जंगल. त्याला सांगा की ९० नंबरचं लेणं शोधून दाखव. तिथं पहलवी लिपीत इराणहून आलेल्या पाहुण्यांची नावं कोरलेली आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ ची. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्यासारखंच लांबून हे बघायला आलं होतं. तो मात्र भिंतीला हात लावणार नाही एवढं बघा.

शनिवारी घारापुरी, गेटवेहून सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीनं. त्याबद्दल इथं कुणी अलीकडं आईवडिलांना घेऊन गेलेलं असेल तर त्यांनी लिहावं. मी गेलो त्याला बरीच वर्षं झाली.

रविवार. रविवारी लोकलच्या वाटेला जाऊ नका, मेगाब्लॉक असतो. पण त्याच दिवशी फोर्ट रिकामा असतो. सीएसएमटीहून ११५ नंबरची डबलडेकर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते. आता ती विजेची, वातानुकूलित आहे. जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन हात लावून आलो होतो. १९३७ पासून त्या या शहरात होत्या. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जोडसीट. माझे वडील मला १९७३ साली संगमेश्वरहून एसटीनं मुंबईला घेऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला तिथं बसवलं होतं. झाडांच्या फांद्या काचेवर आपटत होत्या आणि मला वाटलं, हीच ती मुंबई. पुढं त्याच गाडीत मी नोकरी केली. मुलाला तिथं बसवा, आणि बाबांनाही. जिना अरुंद असतो, गाडी सुटायच्या आधी चढा.

हुतात्मा चौकात उतरा. मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार आहे. तिथं बाबांनी मुलाला संयुक्त महाराष्ट्राचा लढा स्वतः सांगावा, त्यांच्याइतका चांगला गाइड मिळणार नाही. तिथून वस्तुसंग्रहालय पायी दहा-बारा मिनिटं, आईसाठी टॅक्सी करा.

वगळा काय? जुहू, फिल्मसिटी आणि सी लिंक. जुहूला समुद्रच आहे, तो मरीन ड्राइव्हला बघितलेला असेल. सिद्धिविनायकाला मात्र जा. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोनं थेट स्टेशन आहे, लिफ्ट आहेत, आईला एकही जिना चढावा लागणार नाही. मंगळवार नाही हे बरंच आहे.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. लोकलमध्ये ताटातूट झाली तर काय करायचं हे घरूनच ठरवून या. जो गाडीत राहिला त्यानं पुढच्याच स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं. जो फलाटावर राहिला त्यानं मागच्या गाडीनं तिथं यायचं. दोघांनीही एकमेकांना शोधत फिरायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात कागदावर फोन नंबर. एकदा संध्याकाळी माझ्या गाडीतून एक आजोबा दादरला उतरले आणि आजी वरच राहिल्या. मी डबल बेल दिलेली होती, गाडी निघाली होती. आजींनी नुसतं माझा हात धरला, आवाजच फुटेना. मी सिंगल मारून गाडी थांबवली, पण तोवर आजोबा गर्दीत दिसेनात. पाऊण तासानं सापडले. त्या पाऊण तासात आजींच्या तोंडून गावाच्या नावाखेरीज एक शब्द निघाला नाही. तेव्हापासून गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

---

नगरी_माणूस

घारापुरीचं मी सांगतो, गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो. तिचं वय ६८.

बोट तासभर घेते. खालच्या मजल्यावर बसा, वर ऊन लागतं. लाइफ जॅकेट देतात, ते सगळ्यांनी घालायचं, आणि कुणी दिलं नाही तर मागून घ्यायचं. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, मुलं तिच्यावर खूश असतात. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री, त्यामुळं ऊन लागत नाही आणि थांबायला निमित्त मिळतं. आई प्रत्येक पंधरा पायऱ्यांनी एकेका दुकानापाशी थांबली, पाऊण तासात वर पोचली. डोलीची खुर्चीही मिळते, भाव खालीच ठरवा. आम्ही वर जाऊन ठरवू म्हणालो आणि दुप्पट पैसे मोजले.

माकडांपासून पिशवी सांभाळा. दशम्या वर उघड्यावर काढू नका.

आत गेल्यावर लगेच सदाशिवासमोर जाऊ नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत खांबाशी थांबा. मग तो हळूहळू दिसायला लागतो, तीन पुरुष उंच, मधलं तोंड मिटल्या डोळ्यांचं. माझी आई काही बोलली नाही, चप्पल काढली आणि तिथंच खाली बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, पायऱ्या अजून असत्या तरी आले असते.

एकच विनंती. शिवगंगाधर आणि अर्धनारीश्वर हे सदाशिवाच्या दोन्ही अंगांना आहेत. लोक फोटो काढून तसेच निघतात. बाबांना माहीत असेलच.

---

डोंगरवाटा

मुलासाठी अजून एक. जानेवारी म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे दिवस. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाण्याच्या खाडीत बोटीनं नेतात. भरतीच्या वेळेवर फेऱ्या ठरतात, म्हणून आधी नोंदणी करावी लागते. हजारो गुलाबी पक्षी एकदम उडतात ते दृश्य चौदा वर्षांच्या मुलाला जन्मभर पुरेल.

---

डबल_बेल

ऐरोलीची फेरी उत्तम आहे, पण सीमाताईंच्या चार दिवसांत ती कोंबू नका. अर्धा दिवस जाण्यायेण्यात जाईल. पुढच्या वेळी मुलगा एकटा येईल तेव्हासाठी ठेवा.

नगरी माणूस यांनी डोळे सरावण्याबद्दल लिहिलं ते फार मोलाचं आहे. घारापुरीचं नाव एलिफंटा ज्या दगडी हत्तीमुळं पडलं, तो हत्ती आता बेटावर नाही. भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी. बाबा विचारतील म्हणून सांगून ठेवतो.

---

सीमा_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात बैठका चालू होत्या.

रजा सरकवली. गुरुवारी सकाळी येतोय, रविवारी रात्री परत. लॉजचं नणंदेला कसं सांगावं याची मला काळजी होती, पण तिनंच सांगितलं की ती रोज त्या गाडीनं जाते आणि वहिनी, तुझ्या आईला त्यात आणू नकोस. ती शनिवारी रात्री पोरांना घेऊन आमच्याकडंच येणार आहे, रविवारी सगळे मिळून फोर्टात फिरू. म्हणजे ती पण पहिल्यांदाच सावकाश बघणार. वीस वर्षं डोंबिवलीत राहून तिनं सीएसएमटीचे सिंह-वाघ पाहिलेले नाहीत म्हणाली.

जुहू आणि सी लिंक काढलं. फिल्मसिटीवर मुलगा थोडा रुसला. मग त्याला ९० नंबरच्या लेण्याचं सांगितलं, तर आता तो मोबाइलवर पहलवी लिपी कशी असते ते बघत बसलाय.

बाबांना मी तुमचं सगळं वाचून दाखवलं. हजार वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांचं ऐकून ते उठले, कपाटातून जुनी वही काढली आणि त्यात कान्हेरीचं पान शोधलं. त्यात कल्याणच्या व्यापाऱ्यांचं लिहिलेलं होतं, पण हे नव्हतं. त्यांनी ते शाईपेननं खाली लिहून घेतलं. त्यांचा एक प्रश्न आहे: ९० नंबरपर्यंत त्यांना स्वतःला चढता येईल का? श्वास चांगला आहे, रोज चार किलोमीटर चालतात. आईसोबत मी खाली थांबेन.

आणि डबल_बेल काका, ११५ चा स्टॉप सीएसएमटीला नेमका कुठं?

---

डबल_बेल

येईल. सकाळी दहाच्या आत वर गेले तर येईल. चामड्याच्या चपला नकोत, तळाला रबर असलेले बूट घालू द्या, कातळ झिजून गुळगुळीत झालाय. मुलानं पुढं नाही, एक पायरी मागं चालायचं. उतरताना मुलानं पुढं. पाण्याच्या दोन बाटल्या. वर वाट विचारायला उद्यानाचे पहारेकरी असतात.

स्टॉप शोधू नका. तुम्ही कोणत्या बाजूनं येणार त्यावर ते आहे आणि रस्त्याची कामं चालू असली की तो हलतो. रविवारी सकाळी साडेनऊला स्टेशनच्या त्या वाघाच्या खांबापाशी थांबा, मी परळहून येतो. बाबांना पुढच्या सीटवर मी बसवतो. परभणीची दशमी मी अजून खाल्लेली नाही, एक माझ्यासाठी राखून ठेवा.